मेश काढून वायरवाले ॲक्सेस पॉइंट लावले, कारण स्पीड नव्हे, लाइट

मेशचं (घरभर ठेवलेले, एकमेकांशी बिनतारी बोलणारे वायफायचे डबे, एकेक डबा म्हणजे नोड) वरच्या मजल्यावरचं एक नोड दिवाळीच्या तोंडावर मेलं आणि सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो तिन्ही नोड बॉक्ससकट आणून द्या, सुट्ट्या नोडची वॉरंटी होत नाही. म्हणजे तोवर घर बिननेटचं. तिथेच डोकं फिरलं.

तसा मेश वाईट नाही हं. भाड्याचा फ्लॅट असेल, भिंतीला भोक पाडायची सोय नसेल तर बिनधास्त घ्या. आमचं सांगलीतलं घर दुमजली, नऊ इंची भिंती, मध्ये सळयांचा स्लॅब, ५ गिगाहर्ट्झचं (वायफायचा वेगवान बँड) सिग्नल त्यात निम्मं मरतं. त्यात मेश ड्युअल बँड, फोनशी आणि मेन राउटरशी बोलायला तोच एक ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ, म्हणून २०० एमबीपीएसच्या प्लॅनवर वरच्या मजल्यावर ६०-७० यायचे. कामाला पुरायचे, त्यावरून मी कधी भांडलो नाही.

माझं भांडण लाइटवरून. लाइट गेली की खालचा राउटर यूपीएसवर सुरू आणि वरचे नोड ठप्प, कारण प्रत्येकाला वेगळा प्लग! आमच्याकडे मेंटेनन्सच्या नावाखाली अर्धा दिवस लाइट जाते, आणि प्रत्येक नोडला मिनी यूपीएस घ्यायला माझ्या झाडाला पैसे लागलेत का?

आता पीओई स्विच (नेटच्या केबलमधूनच वीजही देणारा डबा) आणि छताला दोन ॲक्सेस पॉइंट (एपी, केबलवरून आलेलं नेट वायफायने देणारे). एकाच केबलमधून डेटा आणि करंट दोन्ही, ८०२.३एएफ (पीओईचं एक स्टँडर्ड) असेल तर स्विचकडून १५.४ वॉटपर्यंत. स्विच राउटरशेजारी, कॉम्प्युटरच्या यूपीएसवर (राउटरच्या १२ व्होल्टवाल्या मिनी यूपीएसवर नाही चालत, पीओईला ४८ च्या आसपास लागतात). लाइट गेली की पंखा बंद, नेट चालू, मस्त.

पहिल्या आठवड्यात मात्र वाटलं मेशच बरा होता, जिना चढलं तरी फोन खालचाच एपी धरून बसायचा आणि कॉल तुटायचा. मग दोन्हींची ट्रान्समिट पॉवर (सिग्नलची ताकद) हाय वरून मीडियम केली, आता वर गेलं की मुकाट्याने बदलतो.

केबल घेताना शुद्ध तांब्याची कॅट ६ च मागा. दुकानदार स्वस्तातली देतात ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते, पीओईला बेकार. आणि वायरमन क्रिंप करत (केबलच्या टोकाला प्लग बसवत) असताना समोर उभे राहा, आमच्याने आठपैकी चारच तारा जोडल्या होत्या, लिंक १०० एमबीपीएसवर अडकली, गिगाबिटला आठही लागतात. लाइटच्याच पाइपातून ओढतो म्हणाला तर नको म्हणा, वेगळी केसिंग पट्टी मारून घ्या. आमच्या हिला ती पट्टी बघवत नाही, पण रंगवून देतो म्हटलंय.