कॅट-सिक्सच्या नावावर विकलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर

घराच्या दुरुस्तीत भिंती फोडल्याच होत्या, म्हणून नुसत्या वायफायवर न राहता प्रत्येक खोलीत नेटवर्कची वायर ओढून घ्यायचं ठरलं. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: कॅट-६ (नेटवर्क वायरीचा एक ठरलेला दर्जा), शुद्ध तांबं. खोक्यावर आणि वायरवरही तेच छापलेलं. प्लास्टर झालं, रंग लागला आणि मग त्रास सुरू झाला.

इंटरनेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा. राउटरजवळ पूर्ण वेग, पण वरच्या खोलीत वायर जोडूनही ९४च्या पुढे जाईना. दारावरच्या कॅमेऱ्याला वीजही याच वायरीतून मिळते. अंधार पडून त्याचे रात्रीचे दिवे लागले की तो बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. दुकानदार म्हणाला, "साहेब, राउटर जुना झालाय, बदलून टाका." त्याच्याकडूनच नवा घेतला. काहीही फरक नाही.

शेवटी ओळखीच्या एका नेटवर्कवाल्यानं उरलेला तुकडा हातात घेतला आणि आतली तार ब्लेडनं खरवडली. वरचा तांबडा थर निघाला, खाली पांढरंफटक अ‍ॅल्युमिनियम! बाजारात याला सीसीए म्हणतात, म्हणजे कॉपर-क्लॅड अ‍ॅल्युमिनियम, तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. कॅट-६च्या मानकात ही वायर बसतच नाही. अ‍ॅल्युमिनियमला रोध जास्त, त्यामुळे लांबवर कॅमेऱ्याला पुरेशी वीज पोचत नाही आणि वायर तापते. शिवाय ती वळणावर, जोडावर चटकन तुटते. १००० एमबीपीएससाठी आठही तारा लागतात, १०० साठी चारच पुरतात. बाकीच्या चारपैकी एखादी तार गेली की जोडणी सहसा तुटत नाही, गुपचूप १०० वर उतरते. म्हणून तर हा माल इतका बिनबोभाट खपतो, आणि याचाच मला सर्वात जास्त राग आहे.

जीएसटीचं पक्कं बिल होतं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर दुकानदारानं वायरीचे पैसे परत केले. राउटरचे नाही, मजुरीचे तर नाहीच. पाइपातून जुनी वायर ओढताना ती मध्येच तुटली आणि रंगवलेली भिंत पुन्हा फोडावी लागली.

तुम्ही वायर घेणार असाल तर दुकानातच टोक कापून खरवडून बघा. खोकं उचलूनही अंदाज येतो. तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, त्यामुळे सीसीएचं खोकं हाताला हलकं लागतं. वायरवरच्या छपाईवर जाऊ नका, बिलावर 'सॉलिड कॉपर' असं लिहून घ्या. जो लिहून द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊच नका. राउटर घेतानाही खोक्यावरच्या '१२००'ला भुलू नका, तो वायफायचा आकडा असतो. राउटरची आणि नेटवर्क स्विचची (अनेक वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्याची) पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची, आहेत का ते विचारा. आणि प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक खोलीत लॅपटॉप वायरीला जोडून तो लिंक स्पीड (वायरीच्या जोडणीचा वेग) १००० दाखवतोय का, हे स्वतः उभं राहून बघा.