जर्मन शिकवणारे ॲप, काही महिन्यांच्या वापरानंतर: ऐकण्याचा सराव उत्तम, विभक्तीला मात्र वेगळे पैसे

वार्षिक वर्गणी संपत आली आहे आणि या ॲपच्या मदत विभागाशी नुकताच जो पत्रव्यवहार झाला, त्यानंतर हा अनुभव सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले. धडे, गुण, रोजची आठवण हे सारे अशा ॲपमध्ये असते तसेच आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार विभक्तीबद्दल आहे. 'मी बागेत जाते' म्हणजे 'इश गेहे इन डेन पार्क' आणि 'मी बागेत आहे' म्हणजे 'इश बिन इम पार्क'. मराठीत दोन्हीकडे 'बागेत'च येते. जर्मनमध्ये मात्र 'इन', 'आउफ', 'उंटर' यांसारखी नऊ अव्यये अशी आहेत की, कुठे जायचे ते सांगताना त्यांच्यापुढच्या नामाचा अक्कुझाटिव (आपल्या द्वितीयेसारखी, कर्माची विभक्ती) होतो आणि कुठे आहे ते सांगताना डाटिव (चतुर्थीसारखी विभक्ती). हा नियम दोन ओळींत सांगता येतो. ॲप मात्र चुकीच्या उत्तरावर लाल रेघ ओढते, बरोबर उत्तर दाखवते आणि कारण न देता पुढच्या प्रश्नाकडे वळते.

याबाबत विचारणा केली तेव्हा आधी 'अभिप्राय नोंदवला आहे' एवढेच उत्तर आले आणि पुन्हा लिहिल्यावर, विभक्तीचे तक्ते वरच्या, अधिक महाग योजनेत उपलब्ध आहेत असे कळवण्यात आले. हे मला अजिबात पटलेले नाही. 'इश हेटे गेर्न आइनेन काफे', म्हणजे मला एक कॉफी हवी आहे, हे वाक्य कितीही घोटले, तरी जर्मनमध्ये कॉफी पुल्लिंगी असल्यामुळे 'आइन'चे (म्हणजे 'एक'चे) 'आइनेन' झाले आहे हे कळल्याशिवाय त्याच वाक्यात सूप मागताना 'आइने झुपे' आणि पाणी मागताना 'आइन वासर' म्हणता येत नाही. स्टेशनचा रस्ता विचारताना 'त्सुम बानहोफ', पण पोस्टाचा विचारताना 'त्सुर पोस्ट', यामागेही लिंग आणि डाटिव हेच कारण आहे. ज्या व्याकरणामुळे पाठ केलेले वाक्य बदलून वापरता येते, त्याचेच जादा पैसे मागणे म्हणजे ग्राहकाची अडवणूक आहे.

ऐकण्याच्या सरावाबद्दल मात्र माझे मत पुरते बदलले आहे. सुरुवातीला तो भाग मला भरतीचा वाटत असे. त्यातली वाक्ये नेहमीच्या बोलण्याच्या वेगात आहेत आणि त्यामुळे कानाला शेवटपर्यंत थांबण्याची सवय लागते, जी जर्मनमध्ये फार गरजेची आहे. 'इश रूफे डिश मॉर्गन आन', म्हणजे मी तुला उद्या फोन करेन, या वाक्यात 'आनरूफेन' या क्रियापदाचा 'आन' तुटून अगदी शेवटी जातो. 'वाइल' म्हणजे 'कारण' आले की त्या उपवाक्यात क्रियापदच शेवटी जाते, आणि ही रचना मराठी कानाला लवकर रुळते. वेळा सांगण्याचे धडेही नेमके आहेत. 'हाल्प द्राय' म्हणजे अडीच. साडेतीन समजणारा माणूस भेटीला तासभर उशिरा पोहोचेल.

ऐकण्याच्या या भागासाठी मी ॲप ठेवणार आहे, परंतु वार्षिक वर्गणी भरणार नाही. महिन्याचीच भरेन, तीही साध्या योजनेची, आणि विभक्तीचे तक्ते वहीत स्वतः लिहून काढेन. नव्याने घेणाऱ्यांनी वर्गणी भरण्यापूर्वी आपल्या योजनेत व्याकरणाचा भाग आहे की नाही, हे मदत विभागाकडून लेखी विचारून घ्यावे.