ट्रोलांवर उतारा म्हणून स्लो मोड: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

आमचा साताऱ्याचा आकाशनिरीक्षणाचा ग्रुप गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर टेलिग्रामवर नेला. कारण एकच, ट्रोल. तेव्हापासून पक्षीवाले, सापवाले, किल्लेवाले असे सगळे ग्रुपवाले विचारतात, ‘काय फरक पडला?’ प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. थोडक्यात हवं असेल तर: स्लो मोड लावा, पाच मिनिटांवर ठेवा, आणि ग्रहणाच्या रात्री न विसरता काढा. बाकीचं खाली.

ग्रुपात दुर्बीण असलेले मूठभर, बाकी सगळे हौशी. शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, एमआयडीसीतले फिटर आहेत, कोरेगाव-वडूजची कॉलेजची पोरं आहेत. अमावास्येच्या आसपास जमेल तसं चाळकेवाडीच्या पठारावर जायचं, नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर. नवीन माणसं यावीत म्हणून ग्रुपची लिंक खुली ठेवलेली. लिंक खुली म्हटल्यावर काड्या घालणारेही येणारच. कुणी चंद्राचा फोटो टाकला की ‘नेटवरून उचलला’, कुणी इस्रोचं कौतुक केलं की ‘सगळं स्टुडिओतलं’. एकाने पिंक टाकायची, दहा जणांनी त्याच्यावर तुटून पडायचं, आणि सकाळी उठून बघावं तर अडीचशे मेसेज, त्यात आकाशाबद्दल एकही नाही.

स्लो मोड म्हणजे काय, ते माहीत नसेल त्यांच्यासाठी. एकदा मेसेज टाकला की ठरलेला वेळ संपेपर्यंत त्या माणसाला दुसरा टाकता येत नाही. टेलिग्रामने ही सोय २०१९ मध्ये आणली. दहा सेकंद, तीस सेकंद, एक मिनिट, पाच, पंधरा मिनिटं आणि एक तास अशा पायऱ्या आहेत. ॲडमिनना तो लागू होत नाही. दहा-तीस सेकंदांनी काही होत नाही, तेवढा वेळ शिवी टाइप करायलाच लागतो. एक तासाला ग्रुप मरतो, माणसं खासगीत बोलायला लागतात. पाच मिनिटांवर मात्र गंमत होते. उचकवणारा एक वाक्य टाकतो आणि वाट बघत बसतो. चिडलेला माणूस पहिलं उत्तर टाकतो, आणि त्याच्या डोक्यात आलेलं दुसरं, तिसरं, चौथं उत्तर पाच मिनिटांत थंड होतं. तेवढ्यात जेवायची हाक येते. ट्रोलला मजा येते ती आपण तडतड उडतो ती बघण्यात, आणि तेच त्याला मिळेनासं होतं.

याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग मांडला होता. काही लोकांना मुद्दाम अवघड चाचणी देऊन त्यांचा मूड बिघडवला, काहींना चर्चेत आधी इतरांच्या वाकड्या टिप्पण्या दाखवल्या. ज्यांच्या वाट्याला दोन्ही आलं, त्यांच्याकडून तशाच टिप्पण्या येण्याचं प्रमाण, ज्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही त्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. ट्रोल म्हणजे कुठली वेगळी जमात नाही, वैतागलेला कुणीही त्या वाटेला लागतो, हा त्याचा अर्थ. माझ्या ग्रुपात तर हे अगदी तंतोतंत पटलं. कसं, ते पुढे येईलच.

दिवाळीनंतरचा एक प्रसंग सांगतो, त्यात स्लो मोड नेमका काय करतो ते दिसतं. अकरावीतल्या एका मुलीने आमच्या आठ इंची डॉबसोनियन दुर्बिणीच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मोबाईल टेकवून शनीचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. पिवळसर बारका गोळा आणि त्याच्यातून आरपार गेलेली केसाएवढी रेघ. पहिल्या फोटोला माणूस किती धाकधूक घेऊन येतो ते तुम्हाला माहीत आहे. खाली लगेच एक जण: ‘कडी विकून खाल्ली का? हा शनी आहे की झिरोचा बल्ब?’

जुन्या ग्रुपात यावर रण माजलं असतं आणि पोरगी निघून गेली असती. इथे पाच-सहा जणांनी एकेक मेसेज टाकला आणि सगळे अडकले. त्या शांततेत आमच्या एका निवृत्त गुरुजींनी बसून नीट लिहिलं. शनीचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्याभोवतीच्या त्याच्या साधारण साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत कडी आपल्याला कधी पसरट दिसतात, कधी कडेने. सुमारे पंधरा वर्षांनी एकदा ती अगदी कडेवर येतात. याआधी २००९ मध्ये आली होती, यावेळी मार्च २०२५ मध्ये, पण तेव्हा शनी आकाशात सूर्याच्या जवळ होता, बघायला मिळाला नाही. नोव्हेंबरात पुन्हा जवळपास तशीच अवस्था आली आणि तीही संध्याकाळच्या आकाशात. कड्यांचा पसारा पावणेतीन लाख किलोमीटरच्या घरात आणि जाडी कित्येक ठिकाणी जेमतेम दहा मीटर, मग कडेने रेघच दिसणार. शेवटी गुरुजींनी लिहिलं, ‘ताई, तुला जे मिळालंय ते आम्हाला पुन्हा बघायला मिळेल की नाही ठाऊक नाही. फोटो जपून ठेव.’

बल्बवाला परत आला नाही. ते महत्त्वाचं नाही. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी चार जणांनी आपापले कड्याविना शनी टाकले, ते महत्त्वाचं.

चंद्रावर कुणी गेलंच नाही म्हणणारे हा कायमचा पाहुणा. गरुडाचा डीपी लावलेला एक गृहस्थ होता, त्याचं पालुपद एकच, ‘एवढी दुर्बीण आहे ना, मग अमेरिकेचा झेंडा दाखवा.’ हा ट्रोल की शंकेखोर, हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे. उत्तर दिल्यावर तो त्या उत्तराशी थांबतो का, की लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारतो? शंकेखोर उत्तराची उलटतपासणी करतो, ट्रोल विषय बदलतो. म्हणून आता एकदाच, भरपूर, चांगलं उत्तर द्यायचं आणि ते साठवून ठेवायचं. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. सहा इंची दुर्बिणीला तिथलं साधारण दीड किलोमीटरपेक्षा बारीक काही वेगळं ओळखता येत नाही, झेंडा कुठून दिसणार? पण अपोलो ११, १४ आणि १५ च्या वेळी ठेवलेल्या परावर्तकांवर अजूनही लेसर मारून अंतर मोजतात, त्यावरूनच चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटरने लांब जातोय हे कळतं. आणि अपोलो ११ ची जागा आपल्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरनेही टिपली आहे. एवढं टाकलं की तो टॉपिक बंद. टेलिग्रामवर ग्रुपात वेगवेगळे टॉपिक पाडता येतात आणि ॲडमिनला एखादा बंदही करता येतो. आमचे कायमचे चारच आहेत: शंका, फोटो, दुर्बीण घेणं-देणं आणि टपरी. टपरीवर काहीही बोला. ज्येष्ठ मंडळींना टॉपिकचं प्रकरण आजही झेपत नाही, गुरुपौर्णिमेच्या शुभेच्छा हमखास ‘दुर्बीण घेणं-देणं’मध्ये पडतात. चालायचंच.

ही उत्तरं ट्रोलसाठी नसतात. न बोलता वाचणारे ग्रुपात फार असतात, ती त्यांच्यासाठी. गरुडवाल्याला टाकलेलं उत्तर नंतर एका झेडपी शाळेच्या मास्तरांनी जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, फळ्याचा फोटो पाठवला त्यांनी.

आता दुखरी बाजू. बाहेरून आलेल्या ट्रोलांपेक्षा जास्त ताप घरच्या विद्वानांनी दिला.

७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण. रात्री अकरापासून बारा वाजून बावीस मिनिटांपर्यंत खग्रास, आपल्याकडून सगळं दिसणारं. भाद्रपदाची पौर्णिमा, त्यामुळे ढगांचा भरवसा नाही. त्या दुपारी एका काकांनी ग्रुपवर विचारलं, ‘सुनेला सातवा महिना आहे. तिला गच्चीवर येऊन बघायचंय, पण घरात नको म्हणतात. आणू का?’ प्रश्न किती सरळ आहे बघा. माणूस सुनेच्या बाजूने उभा राहायला तयार आहे, त्याला घरात सांगायला चार शब्द हवे आहेत. तर आमचे एक प्राध्यापक महाशय, ग्रुपातले सगळ्यात वाचलेले, म्हणतात, ‘कुठल्या शतकात राहता काका? अशा लोकांनी ग्रहण बघूच नये.’ वर हसणाऱ्या चार इमोजी.

मी तो मेसेज काढला आणि सरांचं बोलणं आठवड्यापुरतं बंद केलं. टेलिग्रामवर एकेका सदस्याला ठरावीक मुदतीसाठी गप्प करता येतं, बाहेर काढायची गरज पडत नाही. संध्याकाळी सरांचा फोन.

‘मला? गरुडवाला राहिला बाजूला आणि मला?’

‘सर, गरुडवाल्यामुळे अजून कुणी ग्रुप सोडला नाही. काकांनी सोडला.’

‘मी खरं तेच बोललो.’

‘खरं बोललात. पण काकांनी शतक विचारलं नव्हतं, गच्ची विचारली होती.’

सर रागावले ते रागावलेच. काकांना मात्र ग्रुपातल्या एका डॉक्टरताईंनी स्वतः फोन केला. चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली, नुसत्या डोळ्यांनी बघायला काही धोका नाही, पोटातल्या बाळाला तर नाहीच नाही. जिना मात्र पावसाने निसरडा झालाय, तेवढा हात धरून आणा. रात्री काकांनी त्यांनाच फोटो पाठवला, सून खुर्चीत बसून वर बघतेय. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम त्यांनी माणसांत मिसळून केलं, हे इथे निराळं सांगायला नको. त्या गावात बसून प्रश्न विचारणाऱ्याचीच टर उडवायची याला मी विज्ञानप्रसार म्हणत नाही, ट्रोलिंगच म्हणतो. फक्त वाचलेल्या माणसाने केलेलं.

त्याच रात्री स्लो मोड काढावा लागला. ‘कराडला ढग’, ‘दहिवडीत एकदम स्वच्छ’, ‘वाईत फट पडली, बघा बघा, तांबडा झालाय’ असे मेसेज पाच-पाच मिनिटांनी येऊन काय उपयोग? धूमकेतू, ग्रहण, प्रक्षेपण, अशा वेळी वेगच हवा. ग्रहण सुटलं की पुन्हा लावायचा.

काही गोष्टी स्लो मोडच्या हातातल्या नाहीत, त्याही सांगतो. काढून टाकलेला माणूस नव्या खात्याने परत येऊ शकतो. त्याची बोलण्याची ढब तीच असते, दोन दिवसांत ओळखू येतो, पण दोन दिवस जातात. दुसरं म्हणजे खासगी मेसेज. जुन्या ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसायचा आणि एका ताईंना एक जण रात्री-अपरात्री ‘तारे बघायला येता का’ म्हणून छळत होता. टेलिग्रामवर नंबर झाकून ठेवता येतो, आम्ही प्रत्येक नव्या बाईमाणसाला आणि पोरासोरांना ते सेटिंग पहिल्या दिवशी करून देतो. पण खासगीत मेसेज करणारा तिथेही करू शकतो. अशा वेळी उत्तर एकदाच, स्पष्ट ‘नको’, आणि स्क्रीनशॉट जपून ठेवायचे. स्पष्ट नकारानंतरही बाईच्या मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, हे त्या माणसाला कळवल्यावर तो थंड झाला.

ॲडमिन व्हायला लोक घाबरतात, ‘दुसऱ्याने काही टाकलं तर मी आत जाईन’ म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याच्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा संगनमताचा डाव असेल तर गोष्ट वेगळी. आणखी एक सोय उपयोगी: काढून टाकलेले मेसेज ॲडमिनना ४८ तास नोंदीत दिसत राहतात. ‘माझा मेसेज का उडवला’ म्हणून कुणी भांडायला आलं की दुसऱ्या ॲडमिनला उघडून दाखवता येतं. म्हणून ॲडमिन किमान तीन हवेत आणि त्यातले दोन तरी एकमेकांचे मित्र नसलेले.

ॲडमिनला नाव झाकून ग्रुपच्या नावाने लिहिता येतं, ते मात्र आम्ही वापरत नाही. सरांना मीच गप्प केलं हे सरांना कळायला हवं होतं.

तीस-चाळीस माणसांचा, एकमेकांना तोंडओळख असलेला ग्रुप असेल तर यातलं काही करू नका, फोन करून मिटतं. शंभरच्या पुढे गेलात आणि लिंक खुली असेल तर स्लो मोड पहिल्या दिवसापासून ठेवा, भांडण झाल्यावर लावला की ज्याला त्याला वाटतं आपल्यासाठीच लावलाय.

आणि आकाशवाल्यांसाठी खास: ऑगस्टात ‘२७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा मेसेज येतोच. २००३ मध्ये त्या तारखेला मंगळ खरंच जवळ, साडेपाच कोटी किलोमीटरच्या थोडा पुढे आला होता, आणि मूळ मजकूर होता की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळाली आणि साल गळालं. पाठवणारा बहुतेक वेळा कुणाचा तरी भाबडा मामा असतो, त्याच्यावर तुटून पडू नका. मी खुलासा २० ऑगस्टलाच पिन करून ठेवतो.