भोपाळचं राष्ट्रीय स्मरणचिन्ह: झाडू, फूल की आई?

भोपाळ वायुकांडासाठी सरकारमान्य स्मरणचिन्ह असावं, असा प्रस्ताव तुम्ही लिहायला घेतला असेल तर चिन्ह कोणतं, हे आधी ठरवावं लागेल. आज सरकारी पातळीवर या कांडाच्या स्मरणार्थ आहे तो 2 डिसेंबरचा राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन. त्याच्या नावात भोपाळ नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

झाडूवर पीडितांचाच हक्क आधीचा. ज्या कंपनीच्या कारखान्यातून वायू गळला ती युनियन कार्बाइड 2001 मध्ये डाऊ या अमेरिकन रसायन कंपनीने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या वायुपीडित कार्यकर्त्यांनी ‘झाडू मारो डाऊ को’ मोहीम उभी केली. त्यातली चीड अस्सल आहे. पण झाडू आता एका राजकीय पक्षाची निवडणूक निशाणी आहे. राष्ट्रीय चिन्ह म्हणून तो कुणी मान्य करणार नाही.

फुलाची वाट मळलेली आहे. ब्रिटनमध्ये 1921 पासून युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ लाल पॉपीची फुलं विकून माजी सैनिकांसाठी निधी उभा राहतो. आर्मेनियाने 2015 मध्ये वंशसंहाराच्या शताब्दीला जांभळं फरगेट-मी-नॉट घेतलं. मला सगळ्यात भावतं ते बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा इथल्या 1995 च्या हत्याकांडाचं फूल: क्रोशाने विणलेलं, मधोमध हिरवं, भोवती अकरा पांढऱ्या पाकळ्या, कारण हत्याकांडाचा स्मृतिदिन 11 जुलै. बोस्नियातल्या बायका ते हाताने विणतात. भोपाळला मात्र असं कुठलं फूल चिकटलेलं नाही. ओढूनताणून आणलं तर ते उसनंच वाटेल.

उरते आई. भोपाळच्या त्या कारखान्यासमोर 1985 पासून डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांचा पुतळा उभा आहे. तान्हं मूल छातीशी धरलेली बाई, एका हाताने चेहरा झाकलेला, दुसरं पोर तिला मागून बिलगलेलं. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री माणसं अशीच पळाली. हे चिन्ह समजावून सांगावं लागत नाही. अडचण एवढीच की पुतळा छातीवर लावता येत नाही; रेषा कमी करून त्याचा बिल्ला करावा लागेल.

माझं मत आईला. त्यातही जरीकामाचा बिल्ला करावा. भोपाळच्या बायकांच्या हातात ती कला आहेच. प्रस्तावात दोन कलमं मात्र पक्की घाला: बिल्ले पीडित कुटुंबांतल्या बायकांनीच बनवायचे, आणि विक्रीचा पैसा त्यांच्या उपचारांकडे जायचा. ही कलमं गाळायला सांगितली, तर प्रस्ताव मागे घेतलेला बरा.