जळगावात बसून मिलवॉकी: एमएलबी टीव्ही घ्यावं की एनबीए लीग पास?

उत्तर आधी सांगून टाकतो. खान्देशात बसून अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम शहराचे संघ नेमाने पाहायचे असतील तर पैसे बेसबॉल लीगच्या एमएलबी टीव्ही या ऑनलाइन सेवेवर घाला. बास्केटबॉलच्या लीग पासचं सगळ्यात स्वस्त पॅकेज पुरे. हा हिशोब मिलवॉकी डोळ्यांसमोर ठेवून केला आहे, पण त्याच टाइम झोनमधल्या सेंट लुइस किंवा कॅन्सस सिटीलाही तो बेसबॉलपुरता लागू पडतो.

मिलवॉकीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ५,७७,२२२ होती, म्हणजे २०११ च्या जळगाव शहराच्या सव्वापट. एवढ्या गावाला बेसबॉलचे ब्रुअर्स आणि बास्केटबॉलचे बक्स असे मोठ्या लीगचे दोन संघ आहेत. शिवाय ग्रीन बे या गावचे अमेरिकन फुटबॉलचे पॅकर्स १९३३ ते १९९४ या काळात आपले काही 'घरचे' सामने इथे येऊन खेळत. पण न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसच्या गर्दीत असं शहर टीव्हीवर क्वचित दिसतं. म्हणून लीगची स्वतःची सेवा घ्यावी लागते.

आता वेळा, कारण खरा निकाल इथेच लागतो. ब्रुअर्सचे घरचे रात्रीचे सामने बहुतेक ६:४० ला सुरू होतात, आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे ५:१० वाजलेले असतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे तसंही ऊन चढायच्या आत उठलेलं बरं. सामना आठच्या आत आटोपतो. दुपारी १:१० चा सामना, विशेषतः रविवारचा, आपल्याकडे रात्री ११:४० ला लागतो. संघ पूर्व किनाऱ्यावर गेला की पहाटेचे साडेचार, पश्चिमेला लॉस एंजेलिसला गेला की सकाळचे ७:४०. वेळापत्रकात शुक्रवार संध्याकाळ दिसली तर इथे शनिवार पहाट धरायची. नवखे लोक इथे हमखास चुकतात आणि एक दिवस आधी टीव्ही लावून बसतात.

बक्सचं गणित वेगळं. संध्याकाळी ७ चा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी ६:३० ला, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या आधी किंवा मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर ५:३० ला. अमेरिकेत घड्याळं मागेपुढे होतात, आपली होत नाहीत, म्हणून हा तासाचा फरक पडतो. वांग्याच्या भरताच्या हंगामात थंडीत साडेसहाला उठणं जमतं, पण शेवटचा क्वार्टर बरोबर डबे आणि ऑफिसच्या धांदलीत येतो. खेळ ४८ मिनिटांचा असला तरी टाइमआउट धरून सव्वादोन तास जातात. शेवटची दोन मिनिटं तर संपता संपत नाहीत. बेसबॉलमध्ये उलट झालं आहे. पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ, आल्यापासून तीन तासांवर जाणारा सामना साधारण दोन तास चाळीस मिनिटांत उरकतो. बेस रिकामे असले की पिचरला १५ सेकंद, बेसवर धावपटू उभा असला की १८.

एमएलबी टीव्हीची खरी किंमत वसूल होते ती फीड निवडण्यात. बहुतेक सामन्यांना यजमान आणि पाहुणा अशी दोन प्रक्षेपणं असतात. त्यात मिलवॉकीचं निवडा, नुसतं 'प्ले' दाबू नका, नाहीतर अ‍ॅप पुष्कळदा दुसऱ्याच संघाचं समालोचन लावून देतं. राष्ट्रीय समालोचक पाहुण्या नजरेने बोलतात. गावचे समालोचक बोलता बोलता पन्नास वर्षं मागे जातात, आणि ते कळायला थोडा इतिहास माहीत हवा.

तो असा. १९५३ साली बोस्टनहून ब्रेव्ह्ज हा बेसबॉल संघ इथे आला आणि हँक एरन या फलंदाजाच्या जोरावर १९५७ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, यांकीजविरुद्ध ४-३ ने जिंकली. १९६५ नंतर हा संघ अटलांटाला निघून गेला, तो राग अजून पुरता विझलेला नाही. १९७० मध्ये सिएटल पायलट्स हा दिवाळखोर संघ हंगाम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी इथे आला. नवे गणवेश शिवायला वेळ नव्हता, म्हणून जुन्यावरची नावं उसवून 'ब्रुअर्स' शिवलं. एरन शेवटी याच शहरात, आता ब्रुअर्सकडून खेळायला, परतला आणि ७५५ वा होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) त्याने १९७६ मध्ये इथेच मारला. १९८२ मध्ये रॉबिन याउंट आणि पॉल मॉलिटरच्या संघाने वर्ल्ड सिरीज गाठली, सातव्या सामन्यात सेंट लुइसकडून हरला. त्यानंतर पुन्हा कधीच नाही. २०२५ मध्ये ९७ विजयांसह पूर्ण लीगमध्ये अव्वल राहूनही डॉजर्सने त्यांना उपांत्य मालिकेत ४-० ने घरी पाठवलं. अशा संघाचे १६२ सामने पाहायचे तर चिकाटी लागते. नऊपैकी सहाव्या इनिंगच्या मधे सॉसेजचे पोशाख घातलेल्या पाच जणांची शर्यत असते, ती मात्र पाहावी.

बक्सचा इतिहास आखूड पण चटकदार. १९६८ ला स्थापना, १९६९ मध्ये नवा खेळाडू आधी कोण निवडणार यासाठीची फिनिक्सविरुद्धची नाणेफेक जिंकून ल्यू अल्सिंडर, म्हणजे नंतरचा करीम अब्दुल-जब्बार, मिळवला. १९७१ ला अजिंक्यपद. पुढचं अजिंक्यपद थेट २०२१ मध्ये, आणि समोर पुन्हा फिनिक्सच. सहाव्या सामन्यात बक्सच्या यानिस अँटेटोकुंपोने ५० गुण केले. फ्री थ्रोवर (कुणी अडवत नसताना मिळणारी फेक) एरवी धडपडणाऱ्या माणसाने त्या रात्री १९ पैकी १७ टाकले. हा सामना कुठे पूर्ण मिळाला तर वर्गणी घ्यायच्या आधी तो पाहा. आवडला नाही तर लीग पासच्या वाटेला जाऊ नका.

डेटाचा हिशोब कोरडा आहे पण चुकवू नये. ५ एमबीपीएसचं चित्र तासाला २.२५ जीबी खातं, म्हणजे बेसबॉलचा सामना ६ जीबी. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर तिसऱ्या इनिंगच्या आसपासच खेळ खल्लास. घरी फायबर नसेल तर रेडिओ ऐका. १२८ केबीपीएस धरलं तरी तासाला ६० एमबीच्या आत. फक्त आवाजाची वेगळी, बरीच स्वस्त वर्गणी मिळते, आणि शेतावर जाता-येता ऐकायला ती चित्रापेक्षा बरी. समालोचक बॉब युकर १९७१ पासून २०२४ पर्यंत ब्रुअर्सच्या रेडिओवर होते. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्यामागेही हे प्रक्षेपण ऐकण्याजोगं आहे.

फायबर असूनही पहाटे वीज गेली की राउटर बंद पडतो. घरच्या इन्व्हर्टरची लाइन राउटरच्या सॉकेटला नसेल तर छोटा डीसी यूपीएस घ्या. पण घेण्याआधी राउटर आणि फायबरचा डबा, दोन्हींच्या अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट वाचा. एक १२ चा आणि एक ९ चा असेल तर दोन्ही आउटपुट असलेलाच यूपीएस लागेल. ९ च्या यंत्राला १२ दिले तर यंत्र जळू शकतं. चित्र झटके देत सरकत असेल तर दोष दर वेळी नेटचा नसतो. टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ असेल तर ६० करा, अमेरिकन प्रक्षेपण ६० फ्रेमचं असतं. आणि व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) बंद ठेवा. अमेरिकेचा सर्व्हर लागला की तिथले स्थानिक निर्बंध तुम्हाला लागू होतात आणि नेमका तुमचाच सामना काळा पडू शकतो.

स्ट्रीम प्रत्यक्ष खेळाच्या मागे चालतो, म्हणून स्कोअरच्या सूचना बंद करा, नाहीतर होम रन आधी खिशात वाजतो. लीग पासमध्ये स्कोअर लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती पहिल्याच दिवशी लावा. ती लावली की दहाएक मिनिटांत आटोपणारा संक्षिप्त सामना रात्री जेवणानंतर पाहता येतो, आणि बक्ससाठी बहुतेक दिवस तेवढं पुरतं. म्हणूनच महागडं पॅकेज नको. त्यात जाहिरातींच्या जागी मैदानातलं चित्र मिळतं, पण इथून पाहणाऱ्याला त्याचं काय करायचं? एका संघाचं पॅकेज दिसलं तर तेच घ्या.

पॅकर्ससाठी वेगळी तिसरी वर्गणी लागते. सामना आठवड्यातून एकच, बहुधा रविवारी रात्री साडेदहा किंवा साडेअकराला. फुटबॉलचं वेड नसेल तर सोडून द्या.

पैसे भरताना दोन अडचणी येतात. नव्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळातच बंद असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात. आणि डॉलरमध्ये भरलं तर बँक वरून २ ते ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावते. फोनवर प्ले स्टोअरमधून वर्गणी घ्यायची सोय दिसली तर यूपीआयने रुपयांत भरा, दोन्ही कटकटी टळतात. फक्त किंमत दोन्हीकडे ताडून पाहा.

एमएलबी टीव्हीची वर्गणी मार्चअखेरीस हंगामासोबत घ्या. पुढे ढकललीत तर जून-जुलैनंतर भाव उतरला आहे का ते पाहून मगच घ्या, अर्ध्या हंगामाला पूर्ण पैसे देऊ नका. घेतल्या दिवशीच स्वयंनूतनीकरण बंद करा. सुरू ठेवलंत तर पुढच्या हंगामाचे पैसे कापले जातील, किंवा बँकेची मंजुरी अडकून ऐन पहिल्या सामन्याला अ‍ॅप बंद दिसेल.