एम.एड.चा प्रबंध टाइप करून घ्यायचाय? साताऱ्यातलं हे दुकान बघा

राजपथानं राजवाड्याकडे जाताना एका बोळात, जिन्याखाली हे दुकान आहे. पाटीवर नाव नाही. 'मराठी टायपिंग, झेरॉक्स, बाइंडिंग' एवढंच लिहिलंय. आमच्या बॅचच्या बऱ्याच जणांनी लघुशोधप्रबंध इथंच करून घेतला, मीही. आता जे चौथ्या सत्राला आहेत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

एम.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. वेळ वाढला असं वाटतं खरं, पण पेपर, सेमिनार, इंटर्नशिप सगळं सांभाळून प्रबंध करायचा असतो. शाळा प्रयोगासाठी तासिका देतात त्या सहामाही परीक्षा आणि दिवाळी उरकल्यावर. पूर्वचाचणी, मग उपक्रम, मग उत्तरचाचणी, पेपर तपासणी, गुणांचे तक्ते यात फेब्रुवारी-मार्च कधी येतो कळत नाही. मग सगळी बॅच एकदमच टायपिंगला धावते. दुकान चांगलं की वाईट, हे खरं तिथं कळतं.

माझा विषय सातवीच्या मुलांच्या नकाशावाचनासाठी कृतिपुस्तिका तयार करून तिची परिणामकारकता तपासण्याचा होता. पहिली दोन प्रकरणं मी घराजवळ, वाईत, दुसरीकडे टाइप करून घेतली होती. त्यांनी ती जुन्या 'सुरेख' फॉन्टमध्ये केली. मार्गदर्शक मॅडमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, त्यामुळे फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मग वाईच्या त्या टायपिंगवाल्यांनी कन्व्हर्टर लावून युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणारी अक्षरं) करून दिलं, त्याचे वेगळे पैसे घेतले, आणि 'शिकवणाऱ्या'चं सगळीकडे 'शिकवणार्या' झालं. 'करणार्या', 'सोडवणार्या'... दोन्ही प्रकरणांत एकही 'ऱ्या' धड राहिला नव्हता.

राजवाड्याजवळच्या या दुकानाच्या काकांनी ती फाइल बघितली आणि दुरुस्त करत बसण्यापेक्षा नव्यानं टाइप करू म्हणाले. ते सुरुवातीपासून युनिकोडमध्येच काम करतात. पण या दुकानाची खरी ताकद काकू आहेत. टाइप झालेलं प्रकरण प्रिंट काढायच्या आधी त्या हस्तलिखित हातात धरून मोठ्यानं वाचतात आणि काका पडद्यावर बघत जातात. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, कंस, सगळं उच्चारून. 'संशोधिकेने कंस सुरू दोन हजार सतरा कंस पूर्ण स्वल्पविराम' असं चालू असतं. कानावर पडलं की आपलंच वाक्य कुठं अडखळतंय ते आपल्यालाही कळतं. मी तिथं बसून माझ्या तिसऱ्या प्रकरणातली कितीतरी लांबलचक वाक्यं तोडली.

आणि काका नुसते टाइप करत नाहीत. माझ्या आधी बसलेल्या एका मुलीचा टी-मूल्याचा (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासण्याचा) तक्ता चालला होता. प्रायोगिक गट ३०, नियंत्रित गट ३०, आणि स्वाधीनता मात्रेच्या (डिग्रीज ऑफ फ्रीडम) रकान्यात ६०. काकांनी हात थांबवला. "मॅडम, तीस आणि तीस, त्यातून दोन वजा जातात ना? ५८ पाहिजेत." तिनं वही काढून बघितली, ५८च होते. ०.०५ सार्थकता स्तरावर त्या मात्रेला तक्त्यातलं मूल्य २.०० येतं, हेही त्यांना पाठ. त्यांनी एम.एड. केलेलं नाही. वर्षानुवर्षं प्रबंध टाइप करून आणि ते समजून घेऊन आलेलं हे शहाणपण आहे. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची. एक जण आला, विषय सांगितला आणि 'पूर्ण प्रबंध किती पडेल' म्हणून विचारलं. काका म्हणाले, "लिहून आणा, टाइप करतो. लिहून देत नाही." तो जास्त पैसे द्यायला तयार होता, तरी नाहीच. तयार प्रबंध कुठं मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. २०१८च्या यूजीसी नियमांनुसार दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत पुन्हा लिहून द्यावं लागतं, ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण नियम बाजूला ठेवला तरी, उद्या डी.एड., बी.एड.च्या मुलांना संशोधन शिकवणारे आपणच असणार. कर्मवीर अण्णांनी ज्या गावात 'कमवा आणि शिका' रुजवलं, तिथं विकतच्या प्रबंधावर शिक्षणातली पदव्युत्तर पदवी घ्यावी, हे मला सहन होत नाही. म्हणून हे दुकान चालायला हवं असं मनापासून वाटतं.

दर माझ्या वेळी साध्या पानाला २५ रुपये, तक्त्याच्या पानाला ४०, रेक्झिनचं बाइंडिंग सोनेरी अक्षरांसह २५०. पहिली दुरुस्ती फुकट. मार्गदर्शकांनी मजकूरच बदलला तर त्या पानाचे पैसे पडतात, आणि ते योग्यच आहे.

उणिवा आहेत. प्रिंटर एकच. वीज गेली की काम बंद, इन्व्हर्टर नाही. इंग्रजी गोषवारा इथं देऊ नका, स्पेलिंगच्या चुका राहतात, तो स्वतः टाइप करून पेनड्राइव्हवर न्या. रंगीत प्रिंट फिकट येते. माझ्या परिशिष्टातल्या नकाशांत नद्यांचा निळा आणि पठाराचा पिवळा नीट दिसेना, म्हणून ती पानं पोवई नाक्यावरून काढून आणली आणि काकांनी ती बाइंडिंगमध्ये बरोबर जागी लावली. व्हॉट्सॲपवर उत्तराची वाट बघू नका, फोन करा.

जाताना हस्तलिखित एकाच बाजूनं लिहिलेलं न्या, पानांवर क्रमांक घाला. संदर्भसूचीत आडनाव आधी, मग नाव, मग कंसात साल, अशी एक नमुना नोंद मार्गदर्शकांकडून तपासून न्या. काकू बाकीच्या नोंदी तशाच लावतात. प्रतिज्ञापत्र आणि मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र सहीसाठी आधी सुटं छापून घ्या. तुमची एक, मार्गदर्शकांची एक, कॉलेजला लागतील तेवढ्या, असा प्रतींचा आकडा पहिल्याच दिवशी सांगा, कारण रेक्झिन ते तेवढंच मागवतात. आणि शक्य असेल तर पहिली तीन प्रकरणं जानेवारीतच देऊन टाका. तेव्हा काकूंना वाचायला निवांत वेळ असतो.