पाटीवर २२८० लिटर, मोटर मात्र तीसची: फायर पंपात आमची सोसायटी अशी फसवली गेली

सोसायटीचा फायर पंप बदलायचं चाललं असेल तर कोटेशनच्या शेवटच्या पानावरची रक्कम बघायच्या आधी तीन आकडे एका ओळीत लिहून काढा, पंपाचे लिटर, पंपाचे मीटर आणि मोटरचा एचपी. आमच्याकडे हे तिन्ही आकडे पहिल्याच पानावर ठळक छापलेले होते आणि ते एकमेकांशी जुळतच नव्हते. तरी साडेसात लाख गेले. मी तेव्हा कमिटीत नव्हते, खजिनदार झाले ती हे सगळं झाल्यावर, त्यामुळे फाइल माझ्या हातात आली आणि आता वकिलांचे फोनही मलाच येतात.

आमची बिल्डिंग पुण्यात वडगाव बुद्रुकला, तेरा मजली, उंची साधारण ४० मीटर. बेसमेंट पार्किंगला स्प्रिंकलर आहेत आणि वर प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी हायड्रंट (बंबाचा होज जोडायचा नळ) आणि होज रील. बिल्डरने लावलेले पंप वर्षानुवर्षं कोणी फिरवलेच नाहीत, गंजून जॅम झाले. आता तुम्ही म्हणाल की मग दर सहा महिन्यांनी फॉर्म बी कसा जात होता. जात होता! महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सवाल्या एजन्सीने यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं लिहून द्यायचं असतं, आणि आमची जुनी एजन्सी पंप रूमचं कुलूपही न उघडता ते लिहून देत होती. पुढे एजन्सी बदलली, नव्या माणसाने शाफ्ट हाताने फिरवून बघितला, फिरला नाही, सही करायला नाही म्हणाला. इथपर्यंत सगळं योग्यच झालं.

फायर एनओसीत काय हवं ते स्वच्छ लिहिलेलं आहे, एक इलेक्ट्रिक पंप २२८० एलपीएमचा (म्हणजे मिनिटाला तेवढे लिटर), तेवढाच डिझेलचा स्टँडबाय आणि १८० एलपीएमचा जॉकी, म्हणजे पाइपातलं प्रेशर टिकवून ठेवणारा छोटा पंप. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्येही हेच आकडे भेटतात, कोणी मनाने काढलेले नाहीत. हेड, म्हणजे पाणी किती मीटर चढवायची ताकद, ८० मीटर. हे ८० कुठून आले तेही सांगते कारण पुढे लागणार आहे. पाणी ४० मीटर वर चढवायचं, वर गेल्यावर शेवटच्या हायड्रंटला साडेतीन किलो प्रेशर उरलं पाहिजे म्हणजे आणखी ३५ मीटर, उरलेले पाच पाइपातल्या घर्षणात जातात.

तीन कोटेशनं आली. दोन तेरा लाखांच्या आसपास, तिसरं साडेसात. तिसऱ्याचा माणूस बोलायला एकदम गोड, चेअरमनसाहेबांच्या घरी चहा घेऊन गेला, आणि त्याने जी मेख मारली ती खरंच हुशारीची होती. म्हणे, "काका, तुमची जुनी मोटर साठ एचपीची आहे, ती जुनी टेक्नॉलॉजी झाली. आमचा पंप हाय एफिशियन्सी, इंपेलरच वेगळा, तीसमध्ये तेवढंच पाणी देतो. मग महावितरणकडचा मंजूर लोड कमी करून घ्या, फिक्स्ड चार्ज दर महिन्याला वाचेल." पुण्यातल्या सोसायटीला दर महिन्याला काहीतरी वाचेल म्हटल्यावर काय पाहिजे अजून. त्यावर साठची जुनी मोटर बायबॅकमध्ये स्वतःच घेऊन गेला, भंगाराच्या भावाने, आतल्या तांब्यासकट. ती रक्कम बिलात वजा दाखवल्यामुळे सगळ्यांना वाटलं माणूस सरळ आहे.

पंप आले, नवे कोरे, लालभडक, पाटीवर २२८० एलपीएम, ८० मीटर, नावाजलेल्या कंपनीचं नाव. बसवून झाल्यावर डेमो. अख्खी कमिटी पंप रूममध्ये, त्याने बटण दाबलं, घर्रर्र आवाज, प्रेशर गेजचा काटा सरकत सरकत आठ किलोवर. "बघा, आठ! ८० मीटर झाले की नाही?" टाळ्या, पेढे, उरलेला चेक.

आता या डेमोत पाण्याचा एक थेंबही बाहेर पडला नव्हता हे कोणी बघितलंच नाही. पुढचा वाल्व बंद होता. वाल्व बंद ठेवून पंप चालवला की काटा वर जाणारच, त्याने पंप किती पाणी देतो ते कळत नाही. बागेच्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की जोर कसा लागतो, पण बादली भरत नाही, तसंच. फायर पंपाची खरी परीक्षा पाणी वाहताना असते. ठरलेल्या लिटरला ठरलेले मीटर मिळाले पाहिजेत, आणि दीडपट पाणी काढलं तरी प्रेशर ६५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. याच्यासाठी पंप रूममध्ये वेगळी टेस्ट लाइन असते, फ्लो मीटर लावलेली, पाणी फिरून टाकीत परत जातं. आमच्याकडे बिल्डरची ती लाइन होती, या पठ्ठ्याने नवीन हेडर (पंपांपुढचा जाड मुख्य पाइप) करताना ती कापून ब्लँक मारून टाकला, म्हणजे तोंड कायमचं बंद. का विचारलं तर "लीकेज होतं" म्हणाला. लीकेज होतं तर वाल्व बदल ना बाबा, लाइन कशाला कापतोस!

उलगडा झाला दहाव्या मजल्यावरच्या काकांमुळे. ते भोसरीला कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता रिटायर. गावाहून बऱ्याच महिन्यांनी परत आले, पंप बघायला म्हणून खाली गेले आणि मोटरची पाटी वाचून वर आले ते थेट माझ्याकडे. म्हणाले, "ताई, कॅल्क्युलेटर काढ." लिटर गुणिले मीटर, भागिले ४५००. एवढंच गणित. (एक एचपी म्हणजे ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलणं, मिनिटाचे ४५००, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो.) २२८० गुणिले ८० झाले १,८२,४००, भागिले ४५०० म्हणजे साडेचाळीस एचपी. आणि हे नुसतं पाणी वर न्यायला, पंप जगातला सर्वात भारी असला, काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी. खऱ्या पंपाची एफिशियन्सी ७० टक्के धरली तर ५८ एचपी होतात, म्हणून साठची किंवा त्याच्या वरची मोटर लागते. तीसची मोटर हे काम करूच शकत नाही, मग इंपेलर कुठलाही आणा. साठची जुनी मोटर म्हणजे जुनी टेक्नॉलॉजी नव्हती, हिशोब होता.

मग काका पंपाभोवती फिरले. पाटी रिबिटने ठोकलेली, ती कोणीही बदलू शकतं, पण बिडाच्या कास्टिंगमध्ये उठलेली अक्षरं बदलता येत नाहीत. तिथे जो मॉडेल नंबर होता तो त्याच कंपनीच्या कॅटलॉगमध्ये लहान पंपाचा निघाला. पाटीवरचा सिरियल नंबर मी कंपनीला मेल केला, त्यांचं उत्तर आलं की २२८० च्या कुठल्याही पंपाला हा नंबर आम्ही दिलेला नाही. डिलिव्हरीची फ्लँज, म्हणजे पंपातून पाणी बाहेर पडतं ते तोंड, मोजली तर ६५ एमएम, तिच्यापुढे रिड्यूसर (दोन वेगळ्या जाडीचे पाइप जोडणारा तुकडा) लावून पाइप १५० चा केलेला. बाहेरून बघणाऱ्याला जाडजूड हेडर दिसतो. ६५ च्या तोंडातून २२८० लिटर काढायचे तर पाण्याचा वेग सेकंदाला अकरा मीटरच्या वर जातो, असं कोणी डिझाइन करत नाही.

पण कोर्टात पाटी आणि कॅटलॉग यावर वाद घालता येतो, म्हणून आम्ही पाणी मोजलं, आणि हे कुठलीही सोसायटी मीटर नसताना करू शकते. आमची फायरची टाकी आतून ५ बाय ४ मीटर, म्हणजे पाणी एक सेंटीमीटर उतरलं की २०० लिटर गेले. टाकीत पाणी भरणारा वाल्व बंद केला, काठीला टेप बांधून आत सोडली, हायड्रंटला दोन होज लावून एक फ्लशिंगच्या टाकीत आणि एक बागेत सोडला (त्याच टाकीत परत सोडू नका, लेव्हल हलणारच नाही, हे सांगावं लागतंय कारण आमच्याकडे एकाने तेच सुचवलं होतं). वाल्व आवळून काटा आठवर आणला तर होजमधून पाणी जवळजवळ बंद. सातवर धरला आणि दहा मिनिटं चालवलं. खरा पंप असता तर आठ किलोला दहा मिनिटांत २२,८०० लिटर जायला हवे होते, म्हणजे टाकी ११४ सेंटीमीटर उतरायला हवी. उतरली ४५. म्हणजे मिनिटाला ९०० लिटर, तेही सात किलोला. पार्किंगमधून इलेक्ट्रिशियनला बोलावून मोटरचा करंट घेतला, चाळीसच्या आतच, तीसच्या मोटरला शोभेल असा. साठच्या मोटरने पूर्ण लोडवर याच्या जवळजवळ दुप्पट घेतला असता. सगळ्याचा व्हिडिओ केला, टेपचे फोटो वेळेसकट.

९०० लिटर म्हणजे काय कमी आहेत का, असं मीटिंगमध्ये एकाने विचारलं. स्प्रिंकलर सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम फुटत नाहीत, ज्याच्याखाली आग आहे त्याचाच काचेचा बल्ब ६८ डिग्रीला फुटतो. पण पार्किंगमध्ये गाड्या चिकटून लावलेल्या असतात, दहा-बारा तरी उघडतील असं धरूनच डिझाइन करतात, एकेकाला मिनिटाला साठेक लिटर धरले की ७०० झाले. त्याच वेळी बंबवाल्यांनी वरच्या मजल्यावर होज जोडला तर त्याला काय द्यायचं? तिथे पाणी पोचेल, पण नुसतं गळेल.

डिझेल इंजिनाची वेगळीच कथा. बिलात नवीन. प्रत्यक्षात इंजिन नंबरच्या पट्टीवर ग्राइंडर फिरवलेला, आणि खालच्या बाजूला नख मारलं की लाल रंगाच्या पापुद्र्याखाली जुन्या ऑइलचा काळा थर. मेन स्विच पाडला तर ते आपोआप चालू व्हायला हवं, त्याचसाठी असतं ते, झालं नाही, कारण प्रेशर स्विचच्या वायरी पॅनलपर्यंत आलेल्या होत्या आणि आत नुसत्या गुंडाळून ठेवलेल्या. बॅटरीचा चार्जर कुठेच जोडलेला नव्हता. आणखी एक, इलेक्ट्रिक पंप प्रेशर भरलं की स्वतःहून बंद होत होता. जॉकीने तसं करायचं असतं, मेन पंपाने नाही, तो एकदा चालू झाला की माणसाने पॅनलवर जाऊनच बंद करायचा. डेमोत मात्र हे ऑटोमॅटिक बंद होणं फार मॉडर्न वाटलं होतं म्हणे.

आणि कागद. कोटेशन एका नावाने, जीएसटी बिल दुसऱ्या नावाने, फॉर्म ए वर (यंत्रणा बसवल्याचा एजन्सीचा दाखला) सही तिसऱ्याच एजन्सीची, जिच्या लायसन्सची मुदत सहीच्या तारखेआधीच संपलेली. लायसन्स महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय देतं, त्याची प्रत मागून तारीख वाचायला दोन मिनिटं लागतात. पेढेवाल्या दिवशी कोणी मागितली नाही. त्या माणसाला फोन केला तर आधी "इंजिनिअर पाठवतो", मग "पुढच्या सोमवारी", मग फोन बंद. नऱ्ह्याच्या ऑफिसला आता दुसऱ्याच कोणाचं तरी टाइल्सचं दुकान आहे.

चेअरमनसाहेब अजूनही म्हणतात की विश्वासावर व्यवहार होतो. होतो, पण कायद्याने ही यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांवर आहे, म्हणजे आपल्यावरच, कॉन्ट्रॅक्टर पळाला म्हणून ती पळत नाही. आम्ही संचालनालयाकडे तक्रार केली, पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या (बीएनएस) कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीचा, अर्ज दिला, आणि जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणून भांडत बसण्यात वेळ घालवू नका. अग्निशमन दलालाही आम्ही स्वतःहून लेखी कळवलं. काही सभासदांना ते आवडलं नाही, नोटीस येईल म्हणून. येऊ दे की.

नवीन ऑर्डर दिली आहे ती काकांच्या देखरेखीखाली, आणि यावेळी कागदावर आहे ते असं: पंपाचा कर्व्ह (किती लिटरला किती मीटर मिळतात त्याचा आलेख) आणि कंपनीचं टेस्ट सर्टिफिकेट सिरियल नंबरसकट माल यायच्या आधी, तो नंबर आम्ही स्वतः कंपनीकडून तपासणार, टेस्ट लाइन फ्लो मीटरसकट परत बसवायची, सक्शनचा (पंपात पाणी येतं त्या बाजूचा) रिड्यूसर वरून सपाट असलेला हवा म्हणजे हवेचा फुगा अडकत नाही, डिझेल इंजिन लाइट घालवून आमच्यासमोर आपोआप सुरू झालं पाहिजे, आणि वीस टक्के पैसे जागेवर २२८० आणि ३४२० लिटरची टेस्ट पास झाल्याशिवाय सुटणार नाहीत. हे शेवटचं वाचून एक कॉन्ट्रॅक्टर परत आलाच नाही. बरं झालं, तोही खर्च वाचला.

सिंहगड रोड, धायरी, आंबेगाव भागात गेल्या दोन-तीन वर्षांत कोणाकडे तीसच्या मोटरवर २२८० ची पाटी असलेले लाल पंप बसले असतील तर आधी डिलिव्हरीची फ्लँज मोजा, मोटरच्या पाटीचा आणि कास्टिंगवरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा आणि आमच्याशी बोला. एकाच माणसाने बऱ्याच ठिकाणी हे केलंय असं दाखवता आलं तर केस वजनदार होईल असं आमचे वकील म्हणतात.